वाचकांचे प्रश्न : परिक्रमेच्या गाडीतील वीज

प्रश्न : आम्ही पती-पत्नी इंदूरला सुदामानगरात राहतो. दोघेही सेवानिवृत्त आहोत. चातुर्मास संपल्यावर स्वतःच्या गाडीने नर्मदा परिक्रमेला निघण्याचा विचार आहे. त्यासाठी जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात दोन बर्थ, ओटा आणि पाण्याची टाकी करून घेतली आहे. मला झोपेत श्वास अडण्याचा त्रास असल्यामुळे रात्री सीपॅप यंत्र (मास्कमधून दाबाने हवा देणारे) लावावे लागते, म्हणून मुक्काम कोठेही असला तरी गाडीतील वीज पहाटेपर्यंत टिकलीच पाहिजे. सोलरचे काम करणारा मिस्त्री म्हणतो, की टपावर मावतील तेवढी पॅनेल लावू, मग एक टनाचा एसीसुद्धा चालेल. किती पॅनेल लावावीत आणि बॅटरी कोणती घ्यावी?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : टपावर किती मावते हे मिस्त्रीने नंतर पाहावे; आधी चोवीस तासांत किती वीज लागते ते कागदावर मांडावे, आणि आपल्या कागदावरची पहिली ओळ सीपॅपची असावी. या यंत्राच्या अडॅप्टरवर ६५ किंवा ९० वॅट असे छापलेले असते, परंतु तो कमाल आकडा आहे. हवा दमट करणारे तापक बंद असेल तर अनेक यंत्रे सरासरी ३० वॅटच्या आसपास चालतात, म्हणजे आठ तासांना सुमारे २४० वॅट-तास. तापक चालू ठेवल्यास हा खर्च दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. ते बंद ठेवून चालेल का, हे मात्र आपल्या डॉक्टरांनीच सांगावे.

उरलेला खर्च असा धरता येईल : १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा लहान फ्रिज ४००, दोन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे ३००, दिवे १००, आणि मोबाइल, टॅबलेट व पाण्याचा पंप मिळून १०० वॅट-तास. सीपॅपसह बेरीज ११४० होते. तारा, चार्जर आणि इन्व्हर्टर यांत जाणारी घट धरून दिवसाला १३०० ते १३५० वॅट-तासांची तयारी ठेवावी.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. १२.८ व्होल्ट आणि २०० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीत २५६० वॅट-तास मावतात आणि त्यांतील साधारण ९० टक्के, म्हणजे २३०० वॅट-तास, निर्धास्तपणे वापरता येतात. ऊन अजिबात मिळाले नाही आणि गाडीही जागची हलली नाही, तरी सगळा वापर चालू ठेवून दीड दिवसाहून अधिक काळ निभावेल. आणि फ्रिज व पंखे बंद करून केवळ यंत्र, दिवे व मोबाइल चालवले, तर चार रात्री सहज निघतील. आपल्यासाठी महत्त्वाचा आकडा हा दुसरा आहे. एवढीच वापरण्याजोगी वीज लेड-अ‍ॅसिड प्रकारात हवी असेल, तर ती बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये या नियमामुळे १५० एएचच्या तीन ट्यूब्युलर बॅटऱ्या लागतील आणि गाडीवर दीडशे किलोंच्या वर वजन चढेल.

पॅनेलच्या बाबतीत परिक्रमेचा काळ लक्षात घ्यावा लागतो. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनमध्ये सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर येतो आणि टपावर आडवी टाकलेली पॅनेल उत्तम काम देतात; डिसेंबरअखेरीस मात्र तो भर दुपारीही क्षितिजापासून ४४ अंशांपर्यंतच चढतो. म्हणून हिवाळ्यात आडव्या पॅनेलला दिवसाला पूर्ण प्रखरतेचे चारच तास धरावेत. २०० वॅटची दोन पॅनेल असतील, तर धूळ, उष्णता आणि इतर घट वजा जाऊन ११०० वॅट-तासांच्या आसपास हाती येतात. रोजच्या गरजेपेक्षा हे थोडे कमी असले, तरी उरलेली तूट प्रवासात भरून निघते (ते पुढे येईल), म्हणून ही दोन पॅनेल आपल्याला पुरेशी आहेत. ती पत्र्याला चिकटवू नयेत. खालून वारा खेळेल एवढी फट ठेवावी, कारण पॅनेल तापले की त्याची वीज घटते. जोडणी समांतर करावी, म्हणजे कॅरियरची सावली एका पॅनेलवर पडली तरी दुसऱ्याचे काम चालू राहील. पॅनेलमधून बॅटरी भरणारा कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा, घ्यावा.

मुक्कामाला जागा निवडताना एवढे ध्यानात असू द्यावे, की त्या दिवसांत दुपारी झाडाची सावली उत्तरेकडे, जवळपास झाडाच्या उंचीइतकी लांब पडते. त्यामुळे गाडी झाडाच्या दक्षिणेला उभी केली तर टपावर ऊन राहते.

तरीही केवळ उन्हावर विसंबून राहू नये. तिसऱ्या पॅनेलऐवजी तेच पैसे गाडीच्या अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावरून) बॅटरी भरणाऱ्या ३० अँपिअरच्या डीसी-डीसी चार्जरवर खर्च करावेत, असे मी आग्रहाने सुचवेन. परिक्रमेत गाडी बहुतेक दिवशी चालणारच आहे आणि दोन तासांच्या प्रवासात या चार्जरमधून ८०० वॅट-तासांच्या आसपास भर पडते, मग आकाश ढगाळ असो वा रस्ता अमरकंटकच्या सालवनातून जात असो. अल्टरनेटर थेट लिथियम बॅटरीला जोडू नये; ती इतका प्रवाह ओढते, की अल्टरनेटर तापून जळण्याचा धोका असतो. एसीचा विचार सोडावा. एका रात्रीला तो सहज पाच हजार वॅट-तास मागेल, आणि कार्तिक ते माघ या काळात त्याची गरजही पडणार नाही.

सीपॅप इन्व्हर्टरवर चालवू नये. १२ व्होल्टची वीज २३० व्होल्ट करायची आणि अडॅप्टरने ती पुन्हा २४ व्होल्टवर आणायची, यात वीज वाया जाते. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी रात्रभरात शंभर-सव्वाशे वॅट-तास खातो. आपल्या यंत्राच्या उत्पादकाचा डीसी कन्व्हर्टर मिळत असेल तर तो घ्यावा आणि त्याची तार स्वतंत्र फ्यूज लावून थेट फ्यूज-पेटीतून आणावी. मग मध्यरात्री इन्व्हर्टर बंद पडला तरी यंत्र थांबत नाही.

तारांच्या बाबतीत काटकसर करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. १००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर ९० ते १०० अँपिअर ओढतो. त्यासाठी ३५ चौरस मिलिमीटरची, शक्य तितकी आखूड तांब्याची केबल हवी आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच मुख्य फ्यूज हवा. लग (केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा जोड) हातोडीने ठोकून बसवलेला चालणार नाही, तो हायड्रॉलिक क्रिंपरनेच दाबून घ्यावा. काम झाल्यावर इन्व्हर्टरवर मोठा भार दहा मिनिटे चालवावा, हातातील अंगठी व बांगड्या काढून प्रत्येक जोडाच्या आवरणाला बोटांची मागची बाजू लावून पाहावी, आणि एखादा जोड इतरांपेक्षा गरम लागला तर तो उघडून नव्याने करून घ्यावा.

लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केल्यास कायमची बिघडते. अमरकंटकला जानेवारीत दहिवर गोठते, म्हणून बॅटरी गाडीच्या आत, बर्थखाली ठेवावी आणि कमी तापमानात चार्जिंग तोडणारी बीएमएस (बॅटरीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा) तिच्यात आहे याची खात्री करून घ्यावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत, त्यामुळे बर्थ आणि टपावरील बांधणी यांबद्दल परिवहन कार्यालयात व विमा कंपनीकडे आधीच विचारणा करावी.

निघण्यापूर्वी पॅनेल व चार्जर दोन्ही तोडून, घराच्या फाटकाशी उभ्या असलेल्या गाडीत सलग दोन रात्री यंत्र लावून झोपून पाहावे आणि सकाळी शंटच्या मीटरवर (बॅटरीतून गेलेली वीज मोजणाऱ्या मीटरवर) किती वॅट-तास खर्च झाले ते टिपून घ्यावे. तो आकडा वर दिलेल्या आकड्यापेक्षा अधिक विश्वासाचा समजावा.

प्रश्न : वरच्या मजल्यासाठी घेतलेली इन्व्हर्टरची १५० एएच ट्यूब्युलर बॅटरी आता वापरात नाही. ती आणि घरच्या बोर्डातील जुने एमसीबी (प्रवाह वाढला की आपोआप बंद होणारे स्विच) मुलाच्या कॅम्पर गाडीत बसवले तर चालेल का?
— एक वाचिका, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : दोन्ही वस्तू गाडीत वापरू नयेत. चार्ज होताना ट्यूब्युलर बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. घराच्या मोकळ्या जिन्यात तो उडून जातो, पण झोपण्याच्या बंद केबिनमध्ये साठतो आणि एका ठिणगीने पेट घेऊ शकतो. घाटरस्त्याच्या वळणांवर आम्ल सांडण्याची भीती वेगळीच. एमसीबीचे कारण निराळे आहे. घरातील एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा, प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क उघडताना पडणारी ठिणगी विझायला मदत होते; बॅटरीचा डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, प्रवाह असा शून्यावर येत नाही, म्हणून ती ठिणगी पेटती राहून एमसीबीच वितळू शकतो. डीसीसाठी बनवलेले एमसीबी आणि योग्य क्षमतेचे फ्यूज घ्यावेत, आणि त्यांच्यावर डीसी व्होल्टेज छापलेले आहे हे दुकानातच पाहून घ्यावे.