ब्रेकचं एकच पॅड झिजलंय? आधी पिना बघ

भावा, नवे पॅड टाकायची घाई करू नकोस. जुने काढलेस ना, ते फेकू नकोस. सगळी कुंडली त्यांच्यावरच लिहिलेली असते.

आतलं, म्हणजे पिस्टनकडचं (पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याकडचं) पॅड संपलंय आणि बाहेरचं जाड आहे? बहुतेक वेळा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) सरकत्या पिना जाम झालेल्या असतात, किंवा पिस्टन मागे येत नसतो. पिन हाताने सरकली पाहिजे. पक्कड लागली तर तिथेच दुखणं आहे. पिनेवरचा रबरी बूट (टोपण) फाटला की पावसाळ्याचं पाणी आत जातं आणि गंज धरतो. कोकणातल्या गाड्यांना हे नेहमीचंच. पिना साफ करून ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच लाव. साधं ग्रीस लावलंस तर रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात. (मी केलंय हे. दोनदा.)

पॅड तिरकं, पाचरीसारखं झिजलं असेल तर ब्रॅकेटमधल्या (पॅड बसतात त्या चौकटीतल्या) खाचांतला गंज खरवड.

एकाच चाकाचे दोन्ही पॅड संपलेत? पिस्टन मागे दाबून बघ. जात नसेल तर ब्लीडर (कॅलिपरवरचा ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू) जरा सैल कर. मग सहज गेला, तर कॅलिपरपेक्षा आतून फुगलेल्या होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) संशय घे.

पॅड मात्र डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे एकदमच बदल.