वाचकांचे प्रश्न : क्रूड घट्ट का होतं?

प्रश्न : सर, माझा भाचा कोयलीच्या रिफायनरीत अप्रेंटिस आहे. तो सांगतो की मेहसाण्याकडचं क्रूड घट्ट असतं आणि राजस्थानचं तर पाइपात गोठतं म्हणून अख्खी पाइपलाइन गरम ठेवावी लागते. दोन्ही जमिनीतलंच तेल ना, मग असं का? आणि घट्ट म्हणजे हलक्या प्रतीचं का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : भाचा बरोबर सांगतोय. फक्त दोन्हीकडे घट्ट होण्याचं कारण वेगळं आहे आणि ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. क्रूड जगात कुठलंही घ्या, वजनाने ८३ ते ८७ टक्के कार्बन आणि साधारण १० ते १४ टक्के हायड्रोजन, त्यात फार फरक पडत नाही. फरक पडतो तो हे अणू जोडलेत कसे त्याने, साखळी आखूड की लांब, सरळ की कड्याकड्यांची.

राजस्थानात बाडमेरजवळ मंगला फील्ड आहे, २००४ साली सापडलं. तिथल्या क्रूडमध्ये मेण भरपूर, म्हणजे लांब सरळ साखळीची पॅराफिनं. गरम आहे तोवर मस्त वाहतं, गार झालं की मेणाचे स्फटिक होतात, त्यांची जाळी बनते आणि उरलेलं पातळ तेलही त्या जाळीत अडकून बसतं. थंडीत आपल्याकडे खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, तसंच. म्हणून मंगलाहून आपल्या गुजरातेत सलायाला येणारी पाइपलाइन गरम ठेवतात.

मेहसाण्याकडे बलोल, संथालला मामला वेगळा. तिथे जोर अ‍ॅस्फाल्टीन आणि रेझिनचा, म्हणजे मोठमोठे कड्यांचे रेणू, त्यांच्यातच सल्फर, नायट्रोजन, निकेल, व्हॅनेडियम अडकलेले. हे तेल एखाद्या तापमानाला एकदम गोठत नाही, ते मुळातच चिकट, तापवत जाल तसं हळूहळू सैल होतं. तिथे ओएनजीसी जमिनीखाली हवा सोडून थोडं तेल तिथल्या तिथेच जाळते, त्या उष्णतेने बाकीचं सैल होऊन विहिरीकडे सरकतं. मला तर हे फार भारी वाटतं.

लॅबमध्ये गोठण कशी बघतात तेही सांगतो. काचेच्या जारमध्ये तेल आधी गरम करून मग गार करत जायचं, दर ३ डिग्रीला जार तिरका करून बघायचा, आणि पूर्ण आडवा धरूनही ५ सेकंद तेल हललं नाही की त्या तापमानात ३ डिग्री मिळवायचे, तो झाला पोर पॉइंट. याचा घनतेशी थेट संबंध नाही हं. घनता एपीआय डिग्रीत, म्हणजे तेलाच्या हलकेपणाच्या मापात मोजतात, पाणी १० वर, आकडा जितका मोठा तितकं तेल हलकं. मुंबई हायचं क्रूड चांगलं हलकं, पण मेणामुळे पोर पॉइंट ३० डिग्रीच्या आसपास, म्हणजे बडोद्याच्या हिवाळ्यात टाकीत तसंच सोडलं तर बसेल.

प्रतीचं म्हणाल तर मेणवालं क्रूड अजिबात वाईट नाही. त्या सरळ साखळ्या इंजिनात पटकन पेटतात म्हणून डिझेल छान होतं, फक्त तेच डिझेल कडक थंडीत गढूळ होतं. कड्यांचं क्रूड मात्र रिफायनरीला घाम फोडतं, तळाला गाळ जास्त उरतो, तो मोडायला कोकर, म्हणजे खूप तापवून तोडणारं युनिट लागतं, आणि व्हॅनेडियम, निकेल कॅटॅलिस्टवर, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थावर, बसून त्याची वाट लावतात.

प्रश्न : क्रूडला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, तो पेट्रोलला का नाही? – वाचक, मांजलपूर

उत्तर : तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे सल्फरच्याच एका संयुगाचा. सगळ्या क्रूडला तो येत नाही, ज्यात सल्फर जास्त त्यालाच. ०.५ टक्क्याच्या खाली सल्फर असेल तर स्वीट, जास्त तर सावर असं ढोबळ मानतात. सल्फर काढला नाही तर युनिटमधले पाइप खातो आणि गाडीच्या धुरातूनही बाहेर येतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांत पेट्रोल-डिझेलला सल्फरची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १० भाग, त्याआधी बीएस-४ ला ५० होती. एवढं खाली आणायला जास्त दाबाखाली हायड्रोजन सोडतात, सल्फर त्याला चिकटून गॅस होऊन निघतो, आणि त्या गॅसपासून पिवळा सल्फर करून विकतात, सल्फ्युरिक अ‍ॅसिड बनवायला तोच लागतो.