कुडाळ, कुडल आणि कर्ली

तारकर्लीची सहल करून सोलापूरला परतलेल्या एका बाईंचा प्रश्न आहे: "कुडाळात लोक नदीला भंगसाळ म्हणतात, देवबागेत होडीवाला तिलाच कर्ली म्हणाला. भंगसाळ ही कर्लीची उपनदी का? आणि तारकर्लीतलं 'तार' म्हणजे काय?"

उपनदी नव्हे. नदी एकच. सह्याद्रीतून उतरते, कुडाळच्या आसपास तिला भंगसाळ म्हणतात, पुढे कर्ली म्हणून ती देवबागेजवळ समुद्राला मिळते. सोलापूरकरांना तरी हा घोळ पडायला नको. आपली भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते, तशातली ही गोष्ट. पण 'भीमा पंढरपुरात चंद्रभागेला मिळते' हे वाक्य मी शिकल्यासवरल्यांच्या तोंडूनसुद्धा इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. अहो, मिळायला दुसरी नदी लागते! सीना वेगळी उगवते, वेगळी वाहते आणि मग भीमेत शिरते, म्हणून ती उपनदी. पीठढवळ कर्लीत शिरते, म्हणून ती उपनदी. चंद्रभागा भीमेत शिरत नाही, ती भीमाच.

खरी गंमत नदीच्या नावात नाही, कुडाळ या गावाच्या नावात आहे.

सीना जिथे भीमेला मिळते ते आपल्या दक्षिण सोलापुरातलं हत्तरसंग कुडल. संगमेश्वराच्या देवळातला शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख बघायला लोक तिथे जातात. लेख मराठी, गावाचं नाव मात्र अस्सल कानडी. कानडीत 'कूडु' म्हणजे एकत्र येणं, आणि त्यावरून 'कूडल' म्हणजे संगम. मागे तिथल्या घाटावर एक आजी पाण्याकडे पळणाऱ्या नातवंडांना ओरडत होत्या, "एल्लारू कूडि बर्री!" सगळे मिळून या. हाक पोरांना होती, शब्द नदीचा होता. मी तिथेच पायरीवर बसलो.

एकदा हा शब्द कळला की नकाशा बोलायला लागतो. तुंगा आणि भद्रा मिळतात ते गाव कूडली. कृष्णा-मलप्रभेचा कूडलसंगम, बसवण्णांच्या वचनांतला 'कूडलसंगमदेव' तो इथलाच. खाली तमिळ किनाऱ्यावरचं कडलूर, तेही मुळात कूडलूर. जावळीत कुडाळ आहे आणि तिथे कुडाळी नदी वाहते. मग सिंधुदुर्गातलं कुडाळ तेवढं वेगळं कसं? कूडलचं कुडाळ व्हायला फार काही लागत नाही, 'ल'चा 'ळ' झाला आणि मधला स्वर लांबला की झालं. नदीकाठचं गाव, आजूबाजूला प्रवाह एकमेकांत शिरणारे. माझ्या मते हे नाव संगमाचंच आहे.

काही जाणकार ते कुड्याच्या झाडावरून आलं असं सांगतात. कुडा कोकणात कुठे नाही? मग सावंतवाडी, कणकवली यांचीही कुडाळं का झाली नाहीत? दुसरे 'कडल' म्हणजे समुद्र, हा शब्द पुढे करतात. त्यांनी कुडाळात उभं राहून समुद्र दाखवावा. त्यासाठी वेंगुर्ल्याला नाहीतर मालवणला जावं लागतं. आणि 'कुडल म्हणजे कुंडल, देवीचं कुंडल इथे पडलं' म्हणणाऱ्यांशी तर मी बोलतच नाही. नाव कानडी आहे हे मान्य करायला इतकं जड का जावं? आपल्या सोलापुरात अर्धी गल्ली घरात कानडी बोलते.

'कुडल संगम' म्हणजे 'संगम संगम', हेही जाता जाता सांगून ठेवतो. नुसतं कुडल म्हणा.

'तार' राहिलंच. होडीतून पलीकडे उतरवतात ती 'तर'. तर, तारू, उतारू ही सगळी एकाच 'तॄ' धातूची लेकरं. कर्लीवरची तर ती तारकर्ली, असं मी धरतो.