कोकणातल्या कॅम्पिंगसाठी पहिली गादी

पहिल्यांदाच काशीद-दिवेआगरकडे तंबू ठोकणार असाल तर थंडीसाठीची महागडी, उबदार गादी घेऊ नका. आपल्याकडे खरा त्रास घामाचा. गुळगुळीत प्लास्टिकला पाठ चिकटते आणि रात्रभर कूस बदलत राहावं लागतं. वरून कापडी असलेली गादी बघा, नाहीतर जुनी सुती चादर अंथरा. निम्मं काम तिथेच होतं.

सुरुवातीला घडीची फोमची मॅट पुरे. कुशीवर झोपायची सवय असेल तरच हवेची घ्या, आणि मग:

- खाली ताडपत्री हवीच. बाभळीचा एक काटा पुरतो.
- हवा गच्च भरू नका. भरलेली गादी उन्हात राहिली तर आतली हवा प्रसरण पावून सांधे सुटतात.

घरी आल्यावर सावलीत पूर्ण वाळवूनच गुंडाळा, बुरशी फार लवकर धरते.

विकत घेण्याआधी दुकानातच कुशीवर आडवे व्हा. खुबा जमिनीला टेकला तर दुसरी मागा.