तरंगती उतरंड: क्रूझवरच्या मानपानाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: पहिल्यांदाच क्रूझला निघतोय. जाऊन आलेले नातेवाईक सांगतात की गळ्यातल्या कार्डाच्या रंगावरून माणसाची ऐपत कळते. खरं आहे का हे?

कार्डावरून बरंच कळतं, पण त्यात ऐपतीचा भाग थोडा. जहाजावर दोन उतरंडी एकाच वेळी चालू असतात आणि नवख्यांची गफलत तिथेच होते. एक उतरंड भाड्याची: बिनखिडकीची आतली केबिन, मग खिडकीची, मग बाल्कनीची आणि सगळ्यांत वर सूट, म्हणजे ऐसपैस महागडी केबिन. दुसरी जुन्या गिऱ्हाइकांची: त्या कंपनीच्या जहाजांवर आजवर किती रात्री काढल्या, त्यावर ठरणारी. त्यामुळे सगळ्यांत स्वस्त केबिनमधलं निवृत्त जोडपं दुसऱ्या उतरंडीत थेट शेंड्यावर असू शकतं, आणि लाखमोलाचा सूट घेतलेला नवखा प्रवासी तिथे अगदी तळाला.

कार्डाचा रंग बहुधा या दुसऱ्या उतरंडीबद्दल बोलतो. कार्निव्हल या क्रूझ कंपनीची अनेक वर्षांची पद्धत घ्या. पहिल्या सफरीला निळं कार्ड, दुसऱ्या सफरीपासून लाल, २५ गुणांना सोनेरी, ७५ ला प्लॅटिनम आणि २०० ला डायमंड. केबिन कुठलीही असो, एका दिवसाला एक गुण. अशा कार्डावर सूटचा मागमूसही नसतो. वरच्या पायऱ्यांवर इतकी गर्दी झाली की २०२५ मध्ये कंपनीने ही पद्धत मोडून खर्चावर आधारलेली नवी योजना आणत असल्याचं जाहीर केलं. जुनी मंडळी भडकली, आणि त्यात नवल काहीच नव्हतं. वर्षानुवर्षं रात्री मोजून चढलेली शिडी खालून काढून घेतल्यावर कोण गप्प बसेल?

प्रिन्सेस कंपनीने २०१७ पासून कार्डाऐवजी नाण्याएवढी चकती आणली. मनगटावर किंवा गळ्यात घालायची ही चकतीही दर्जाप्रमाणे रंग बदलते. याउलट, रॉयल कॅरिबियनमध्ये दोन्ही उतरंडी एकमेकींत मिसळतात, म्हणून तिथलं गणित समजून घेण्यासारखं आहे. साध्या केबिनमध्ये रात्रीला एक गुण, सूटमध्ये दोन. एकटा प्रवासी दोघांचं भाडं भरत असेल तर त्याला आणखी एक. गोल्डला ३ गुण लागतात, प्लॅटिनमला ३०, एमराल्डला ५५, डायमंडला ८०, डायमंड प्लसला १७५ आणि पिनॅकलला ७००. म्हणजे सात रात्रींच्या सफरी धरल्या तर साध्या केबिनमधून डायमंड व्हायला १२ सफरी लागतात, सूटमधून सहा, आणि सूटमध्ये एकट्याने राहून चार. पिनॅकलसाठी साध्या केबिनमधून अशा १०० सफरी! हा दर्जा ज्यांच्याकडे असतो त्यांनी निवृत्तीनंतर दुसरं फारसं काही केलेलं नसतं.

डायमंडपासून पुढे मिळणारा ठळक फायदा म्हणजे दिवसाला किमान चार मोफत पेयं. ती कार्डावरच चढवलेली असतात, काउंटरवर मागावी लागत नाहीत. मात्र शिल्लक राहिली तर दुसऱ्या दिवशी वापरता येत नाहीत.

प्रश्न: कार्ड दिसलं नाही तरी सूटमधले प्रवासी ओळखू येतात का? की हा सगळा मनाचा खेळ?

ओळखू येतात, फक्त माणसांकडे पाहून नव्हे. एखाद्या लांब कॉरिडॉरमध्ये उभे राहा आणि दारांमधलं अंतर बघा. आतल्या केबिनांची दारं जोडीजोडीने, अगदी चिकटून येतात. जिथे एका दारानंतर पुढच्या दारापर्यंत बरीच पावलं नुसती भिंत लागते, तिथे मागे सूट आहे. मोठे सूट बहुधा जहाजाच्या कोपऱ्यांत किंवा वरच्या डेकवर असतात. कॉरिडॉरच्या तोंडाशी काचेचं दार आणि शेजारी कार्ड लावायचं यंत्र दिसलं, तर पुढचा भाग तुमच्यासाठी नाही.

दुसरी खूण म्हणजे रांग. चढताना वेगळी रांग, लहान बंदरात टेंडर बोटीने (जहाजातून किनाऱ्याला नेणाऱ्या छोट्या बोटीने) जाताना वेगळी रांग, उतरण्याच्या सकाळीही वेगळी. खरं तर जहाजावर जास्तीचे पैसे भरून माणूस मुख्यतः रांग चुकवतो आणि जागा विकत घेतो. जेवणातला फरक असतो, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही.

पिना आणि गळ्यातल्या रंगीत पट्ट्यांचं म्हणाल तर त्या कंपन्याच वाटतात आणि काही मंडळी अभिमानाने मिरवतात. त्यांना मिरवू द्यावं. तुम्हाला कार्ड गळ्यात अडकवायचं असेल तर भोक स्वतः पाडू नका, रिसेप्शनवरून पाडून घ्या. चिप असलेल्या कार्डात बारीक तारेचा वेढा असतो. तो तुटला की कार्ड दार उघडत नाही, मग नवीन करून घ्यायला पुन्हा रांग.

प्रश्न: दोन कुटुंबं मिळून जाणार आहोत. भाऊ नॉर्वेजियन कंपनीच्या जहाजावर ‘हेवन’मध्ये राहणार, आमची साधी बाल्कनी. एकत्र जेवता-बसता येईल ना?

येईल, पण तुमच्या भावाला खाली यावं लागेल. तुम्हाला वर जाता येणार नाही, असंच धरून चाला.

हेवन, एमएससीचा यॉट क्लब, सेलिब्रिटीचा रिट्रीट ही सगळी ‘जहाजात जहाज’ या कल्पनेची रूपं. यॉट क्लब २००८ मध्ये एमएससी फँटासिया या जहाजापासून सुरू झाला. वेगळं रेस्टॉरंट, वेगळं लाउंज, उघड्या डेकवर वेगळी जागा, बटलर, आणि या सगळ्याला एकच कुंपण: कार्ड किंवा मनगटपट्टी. आतल्यांना बाकीचं सारं जहाज खुलं असतं, बाहेरच्यांना आत प्रवेश नसतो. दारावरच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्याला तुमचा चेहरा नाही, यंत्रावरचा हिरवा किंवा लाल दिवा बघायचा असतो.

इथे हमखास घडणारी चूक अशी. कुटुंबं असा विचार करतात की बुकिंग कसंही असू दे, जहाजावर गेल्यावर खोल्या अदलाबदल करू. झोपायची खोली बदलता येते. रिसेप्शनवर विनंती केली तर दुसऱ्या खोलीची जादा किल्लीही मिळते. सवलती मात्र बुकिंगवरच्या नावाला चिकटलेल्या असतात. तुम्ही रोज रात्री भावाच्या सूटमध्ये झोपलात तरी तुमचं कार्ड लाउंजचं दार उघडणार नाही. त्यामुळे आई-वडिलांना वरच्या सोयी मिळाव्यात असं वाटत असेल, तर त्यांची नावं पैसे भरण्याआधीच सूटच्या बुकिंगमध्ये घाला.

एकत्र जेवायचं असेल तर दोन्ही बुकिंग एकमेकांना जोडायला एजंटला सांगा आणि दोघांनीही मुख्य डायनिंग रूमची एकच वेळ घ्या. हे जहाजावर चढल्यावर करायला गेलात तर मोठं टेबल मिळणं कठीण. पहिल्या संध्याकाळी निम्मं जहाज त्याच कामासाठी डायनिंगच्या मॅनेजरपुढे उभं असतं.

क्युनार्ड कंपनीच्या जहाजांवर जाणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. तिथे केबिन ठरली की रेस्टॉरंटही ठरतं. क्वीन मेरी २ वर ब्रिटानिया, ब्रिटानिया क्लब, प्रिन्सेस ग्रिल आणि क्वीन्स ग्रिल अशा चार पायऱ्या आहेत. ब्रिटानियात जेवणाच्या दोन ठरावीक पाळ्या, तर ग्रिलमध्ये तुमचं टेबल राखीव आणि वेळ तुमच्या सोयीची. एक भाऊ ब्रिटानियात आणि दुसरा ग्रिलमध्ये असेल, तर रात्रीचं एकत्र जेवण बुफेत किंवा जादा पैशांच्या रेस्टॉरंटमध्ये जमवणं सोपं.

प्रश्न: जुन्या जहाजांत पहिला, दुसरा, तिसरा वर्ग असे. तो गेला असं म्हणतात, मग हे काय?

कागदावरून गेला, डेकवरून पूर्ण गेला नाही. १९३६ च्या क्वीन मेरीवर केबिन, टुरिस्ट आणि थर्ड असे तीन वर्ग होते. १९६९ मध्ये प्रवासाला निघालेलं क्वीन एलिझाबेथ २ अटलांटिक ओलांडताना सुरुवातीला दोन वर्गांचंच होतं. त्या काळी वर्गावर तुमचे जिने, डेक, बसायच्या खोल्या सगळंच ठरे. टायटॅनिकवर तिसऱ्या वर्गाच्या वाटेवर लोखंडी दारं होती, त्यामागे कंपनीचा तोरा होता तसाच अमेरिकेचा स्थलांतर कायदाही होता: रोगराईच्या भीतीने स्थलांतरितांना इतरांपासून वेगळं ठेवण्याची सक्ती होती.

सहलीसाठीची जहाजं आली तेव्हा ‘सगळे एका वर्गाचे’ ही विकण्याची मुख्य गोष्ट होती. मग जहाजं इतकी मोठी झाली की हजारो माणसांच्या गर्दीतून सुटका हीच विकायची वस्तू बनली. कुंपण परत आलं ते असं. फरक एवढाच की आता मधली फार मोठी जागा सगळ्यांची आहे: थिएटर, मोठे पूल, बुफे, कॅसिनो.

प्रश्न: संकट आलं तर सूटवाल्यांना आधी बोटीत बसवतात का?

नाही. लाइफबोट भाड्यावर ठरत नाही. कार्डावर एक अक्षर किंवा अक्षर-आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ सी १२. ते तुमचं जमण्याचं ठिकाण, आणि ते तुमच्या केबिनच्या जागेवरून व जहाजाच्या रचनेवरून ठरतं. काही जहाजांवर सूटवाल्यांचं जमण्याचं ठिकाण त्यांच्याच लाउंजमध्ये असतं, एवढाच काय तो आराम. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लांबच्या प्रवासाच्या जहाजावर लाइफबोटी आणि फुगणारे तराफे मिळून जहाजावरच्या एकूण माणसांच्या १२५ टक्के जागा असावी लागते.

२०१२ च्या जानेवारीत कोस्टा कॉनकॉर्डिया कलंडलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची संकटकाळची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला: नवे प्रवासी चढल्यावर कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी व्हायलाच हवी. आता बऱ्याच कंपन्या फोनवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर फिल्म दाखवतात आणि मग ठिकाणावर जाऊन कार्ड स्कॅन करायला सांगतात. फिल्म पाहिली म्हणजे झालं असं समजून अनेकजण ठिकाणावर जातच नाहीत, आणि मग लाउडस्पीकरवरून नावं पुकारली जातात. तिथे पिनॅकलवाल्याचंही नाव येतं.

प्रश्न: आईला बोट लागते. जास्त पैसे भरून वरचा सूट घेतला तर त्रास कमी होईल?

वाढेल. जहाज डोलतं तेव्हा वरच्या डेकला आणि पुढच्या-मागच्या टोकांना हेलकावा सर्वांत जास्त बसतो, आणि महागडे सूट नेमके तिथेच असतात. यॉट क्लब तर जहाजाच्या पुढच्या अंगाला, वरच्या मजल्यांवर असतो. आईसाठी मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन घ्या. खिडकी असलेली मिळाली तर उत्तम, क्षितिज दिसलं की बरं वाटतं. पैसेही वाचतील.

प्रश्न: जास्त पैसे न भरता रांगा चुकवता येतात का?

बऱ्याच. ऑनलाइन चेक-इन ज्या दिवशी खुलं होतं त्याच दिवशी करा आणि चढण्याची सुरुवातीची वेळ धरा. या वेळा भराभर संपतात. मोठी बॅग केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, पोहण्याचे कपडे आणि कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा. नाहीतर बाकीचे पाण्यात आणि तुम्ही दाराबाहेर बॅगेची वाट बघत. रिसेप्शनला पहिल्या संध्याकाळी आणि शेवटच्या रात्री जाऊ नका. बिल मधल्या दिवसांत कंपनीच्या ॲपवर तपासा.

टेंडर बोटीच्या बंदरात सूटवाले, वरच्या दर्जाचे आणि जहाजाची सहल घेतलेले आधी सोडले जातात. तुम्ही स्वतः फिरणार असाल तर अगदी पहाटे नंबर घ्या, नाहीतर सरळ उशिरा न्याहारी करून निघा. मधल्या वेळेचा ताटकळा सर्वांत वाईट. मात्र परतीची शेवटची बोट किती वाजता, हे निघण्याआधी पाहून ठेवा. उतरण्याच्या दिवशी स्वतःच्या बॅगा स्वतः ओढत नेता येत असतील तर आदल्या रात्री त्या दाराबाहेर ठेवू नका. स्वतः सामान नेणाऱ्यांना बहुधा सर्वांत आधी सोडतात.

विकतचा मार्गही आहे. कार्निव्हल ‘फास्टर टू द फन’ नावाने प्राधान्य विकते, ते केबिनमागे एकदाच घ्यायचं असतं. रॉयल कॅरिबियनची ‘द की’ माणशी, रोजच्या दराने. चौघांच्या कुटुंबाने दुसरीचा हिशेब करून मगच ठरवावं.

प्रश्न: सूटवाल्यांनी टिप जास्त द्यायची असते का?

बऱ्याच अमेरिकी कंपन्या ती आपोआपच लावतात. साध्या केबिनला माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर, सूटला त्याहून काही डॉलर जास्त. मुलांचीही धरली जाते, हे बुकिंग करतानाच लक्षात घ्या. बटलरला वेगळी द्यायची की नाही हे तुमच्यावर. त्याने खरोखर धावपळ केली असेल तर शेवटच्या दिवशी पाकिटात घालून हातात द्यावी.

प्रश्न: भेदभाव नसलेलं जहाज मिळेल का?

पूर्ण नाही, जवळ जाणारी आहेत. सिल्व्हरसी आणि सीबोर्नची जहाजं सगळी सूटचीच, आणि सिल्व्हरसीवर बटलर प्रत्येकाला असतो. वायकिंगच्या समुद्री जहाजांवर फक्त सूटवाल्यांसाठी असं रेस्टॉरंट नाही, पण महागड्या केबिनवाल्यांना केबिनचा ताबा लवकर मिळतो आणि रेस्टॉरंटची टेबलंही आधी राखता येतात. तेवढ्याने तुमचं काही बिघडत नसेल तर तिथे जा. १८ वर्षांखालची मुलं बरोबर असतील तर वायकिंग बाद, ते घेतच नाहीत.