सहा संकल्पांतले चार खोडा

प्रश्न : वय 41, राहते डोंबिवलीत, नोकरी फोर्टला. सकाळी 7.20 ला घर सोडते, परत यायला रात्रीचे 8 वाजतात, झोपायला 11. दर एक जानेवारीला वहीत लिहिते : पहाटे उठून 45 मिनिटं चालणं, 10 किलो वजन कमी, गोड बंद, रोज अर्धा तास पेटी, अर्धा तास वाचन, महिना दहा हजार शिल्लक. संक्रांतीपर्यंत सगळं बारगळतं. मिस्टर वही बघून हसतात. यंदा मुलगा दहावीला आहे. माझ्यात जिद्दच नाही का?

उत्तर : ताई, जिद्दीचं नंतर बघू, आधी वेळेचा हिशेब करा. चालणं, पेटी आणि वाचन मिळून रोज पावणेदोन तास होतात. तुमच्या दिवसात हे तास फक्त झोपेतून निघतात, आणि झोप मोडून सुरू केलेली गोष्ट आठवडाभरात बंद पडते. त्यातून गोड बंद करायला तुम्ही जानेवारी निवडलात! तिळगूळ, गुळाची पोळी, मग रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू. यापेक्षा वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही.

यंदा दोनच संकल्प ठेवा, चालणं आणि शिल्लक.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. घरापासून स्टेशन पायी पंधरा मिनिटांवर असेल, तर रिक्षा सोडून जाता-येता चाललात की पाच दिवसांत 150 मिनिटं भरतात, पहाटे उठावं लागत नाही. अंतर जास्त असेल तर रिक्षा अलीकडे सोडा. वेग असा हवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. ऑफिसच्या चपला ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच राहू द्या आणि बूट घालूनच घराबाहेर पडा. बहुतेकींचं चालणं पायातल्या चपलांमुळेच थांबतं. सकाळी उशीर झाला तर खुशाल रिक्षा करा, संध्याकाळचं चालणं मात्र सोडू नका. वहीत ‘रोज चालणार’ असं लिहू नका. ‘डोंबिवलीला उतरले की पुलावरून थेट पायी घरी’ असं लिहा. कधी, कुठून, काय हे आधी ठरवलेलं काम जास्त वेळा पार पडतं, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनातून दिसलं आहे. पावसाळ्यासाठी पर्याय आत्ताच लिहून ठेवा : सोसायटीचा जिना, पंधरा मिनिटं.

कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतो तसे चालण्याचेही खाडेच मांडा. एक खाडा चालेल, सलग दोन नाहीत. 21 दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासात सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18, तर कुणासाठी अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला. अधूनमधून एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

शिल्लक टाकायला इच्छाशक्ती लागूच देऊ नका. गेल्या तीन महिन्यांत खरोखर किती उरले ते पासबुकात बघा. समजा चार हजार उरत असतील, तर दोन-दोन हजारांच्या दोन आरडी उघडा. अडचण आली तर एकच मोडावी लागते. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांनी ठेवा. महिनाअखेरीची ठेवलीत तर खात्यात पैसे नसतात आणि हप्ता चुकतो. वाढ मिळाली की रक्कम वाढवा.

वजन हा संकल्प धरू नका, आकडा तुमच्या हातात नसतो. पाणी, मीठ, पाळी यांनी तो किलो-दीड किलो सहज हलतो. नुसत्या चालण्याने दहा किलो उतरणारही नाहीत. रविवारी सकाळी एकदाच काटा बघा. गोडाऐवजी चहाची साखर धरा. दिवसाला तीन कप आणि कपाला दोन चमचे, म्हणजे जवळपास 30 ग्रॅम. ती आधी निम्मी करा.

पेटी पाडव्यानंतर. तोवर मुलाची परीक्षा संपलेली असेल, त्याच्या अभ्यासात सूर लावायचा संकोचही राहणार नाही. आठवड्याला एक शिकवणी पुरे, आणि पेटी खोक्यातून काढून हॉलमध्ये ठेवा, कारण पलंगाखालची पेटी कुणी वाजवत नाही. पुस्तक लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर, नाहीतर नाही.

मिस्टरांना वही दाखवायची गरजच काय? त्यांना एवढंच सांगा की संध्याकाळी पंधरा मिनिटं उशीर होईल, कुकर त्यांनी लावायचा.