फ्रेडरिक्सबर्गचा शिपाई आणि तुझा प्रश्न

बाळा,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. भरतीची तयारी जोरात चाललीय, बरं वाटलं. पण ‘मेडल मिळायला नेमकं काय करावं लागतं?’ हे वाचून हसूच आलं. एका शिपायाची गोष्ट सांगतो.

अमेरिकेतलं यादवी युद्ध. १३ डिसेंबर १८६२, व्हर्जिनियातलं फ्रेडरिक्सबर्ग. उत्तरेच्या फौजेचे साडेबारा हजारांवर सैनिक त्या लढाईत मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता. जॉर्ज मेनार्ड हा तेराव्या मॅसॅच्युसेट्स पलटणीतला प्रायव्हेट, म्हणजे आपला साधा शिपाई. पलटण सगळ्यांच्या पुढे, विरळ फळी धरून. एक जखमी सोबती तिथंच पडून राहिला. मेनार्ड आपण होऊन भर गोळीबारात परत पुढे गेला आणि त्याला उचलून सुरक्षित जागी घेऊन आला.

यात एक गोम आहे. त्याच ऑगस्टमध्ये त्या फौजेचे वैद्यकीय प्रमुख जोनाथन लेटरमन यांनी अँब्युलन्स दल उभं केलं होतं. जखमींना मागे न्यायचं ते त्या दलानंच, इतरांनी नाही, असा हुकूम होता. कारण एक जण पडला की त्याला धरून तिघं-चौघं मागे निघायचे आणि पुन्हा फिरकायचे नाहीत. जखमी उचलणं ही पळवाटही असते, बरं का! मेनार्डची पावलं उलट पडली. मी माणसाची पावलंच बघतो.

मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी शौर्यपदक, त्याला मिळालं १८९८ साली, ३६ वर्षांनी. सन्मानपत्र एका वाक्याचं, आणि त्यात त्या जखमीचं नावसुद्धा नाही.

तेव्हा मेडलचं राहू दे. सोळाशे मीटर तू पळशीलच. येत्या रविवारी तुझ्या वजनाचा एक मित्र खांद्यावर घे. त्याला सांग, अंग पार सैल सोड, गळ्यात हात टाकायचा नाही. आणि शंभर मीटर चाल. शुद्ध हरपलेला माणूस पोत्यासारखा एका बाजूला ओघळतो. पहिल्या खेपेला चौथ्याच पावलाला मी गुडघ्यावर आलो होतो, तेही कवायतीत, गोळी ना धूर. आणि रक्त वाहत असेल तर पट्टी शोधत बसू नकोस, आधी जखमेवर तळवा गच्च दाब.

किती पावलं झाली ते कळव. खोटं लिहू नकोस.

तुझा,
काका